पंप उन्हावर, बिल कुणावर?

रब्बीत गव्हाला पाणी द्यायचं तर आधी फिडरचं, म्हणजे सबस्टेशनहून शेतांकडे येणाऱ्या वीजवाहिनीचं, वेळापत्रक पाठ असावं लागतं. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदललेली. रात्रपाळी म्हणजे हातात बॅटरी, डोक्याला मफलर, आणि थंडीत चिखलात उभं राहून दारं धरणं, म्हणजे एकेका वाफ्याकडे पाणी वळवणं. साप-विंचू नेहमीचेच. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उसातला बिबट्याही असतो.

यातून सुटायला शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवला. वीज आली की मोटार आपोआप चालू होते, माणूस घरी झोपलेला. पण एका फिडरवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचल घेऊ लागल्या की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो आणि ती जळते. मग वर्गणी काढा, ट्रॅक्टर बघा, वायरमनच्या मागे फिरा, आणि दुसरी डीपी येईपर्यंत गहू वाळताना बघत बसा. त्यामुळे ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही मागणी महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक पक्षाने विरोधात असताना केली आणि सत्तेत आल्यावर पुढे ढकलली.

ती आता खरोखर पुरी होण्यासारखी दिसते आहे, आणि त्याचं कारण सौरऊर्जा. ‘सौर म्हणजे स्वस्त, स्वच्छ आणि फुकट’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो. यातले पहिले दोन शब्द बऱ्याच अंशी खरे आहेत. तिसऱ्या शब्दात मात्र सगळं राजकारण आहे.

शेतीच्या वाट्याला रात्रच का आली?

वीज साठवणं महाग असतं, म्हणून ज्या क्षणी मागणी असते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या, रेल्वे, दुकानं यांची मागणी चढलेली असते. रात्री ती उतरते. पण चंद्रपूर, कोराडी किंवा परळीचा कोळशावरचा संच दिव्यासारखा विझवता-पेटवता येत नाही. तो बंद करून पुन्हा चालू करायला तास लागतात आणि खर्चही होतो. मग रात्रीच्या या उरलेल्या विजेचं करायचं काय? ज्याचा दबाव सर्वांत कमी, त्याला द्यायची. कारखानदार रात्री दहानंतर वीज घ्या म्हटल्यावर ऐकून घेणार नव्हता. शेतकऱ्याला ते ऐकावं लागलं.

सौरऊर्जेने हे गणित उलटं केलं. सगळ्यात भरपूर आणि स्वस्त वीज आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात तयार होते. तिला साजेसा ग्राहक शोधायचा, तर जी मागणी दिवसा नेता येते ती हवी. घरातला दिवा दुपारी लावून उपयोग नाही. पिकाला मात्र पाणी अकरा वाजता दिवसा मिळालं काय किंवा अकरा वाजता रात्री मिळालं काय, फारसा फरक पडत नाही. शिवाय गरजेचा हंगामही जुळतो. ढगाळ जून-जुलैत पंप फारसे चालत नाहीत आणि रब्बीत आकाश निरभ्र असतं. उन्हाळ्यात ऊस, फळबागा आणि भाजीपाल्याला पाणी लागतं, तेव्हा उन्हाची कमतरता नसतेच.

दरही आता परवडणारे झाले आहेत. २०१० च्या सुमारास राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावांत सौर वीज युनिटला दहा रुपयांच्या वर होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात ती २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती बराच काळ रखडली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तिला गती मिळाली. कल्पना साधी आहे. शेतीला वीज देणाऱ्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट तिथल्या कृषी फिडरवर सोडायची. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीशी करार २५ वर्षांचा, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तो या दुसऱ्या आवृत्तीतला पहिला.

३ मेगावॉट म्हणजे किती? पाच एचपीची मोटार सुमारे पावणेचार किलोवॉट वीज ओढते. म्हणजे ३ मेगावॉटवर एका वेळी आठशेच्या आसपास मोटारी चालतील, तेही माध्यान्हीचं कडक ऊन असेल तेव्हा. सकाळी नऊला किंवा ढग आल्यावर जे कमी पडेल ते ग्रीडमधून, म्हणजे राज्यभरच्या सामाईक वीजजाळ्यातून, येतं. पावसाळ्यात मोटारी बंद असतात तेव्हा प्रकल्पाची वीज सबस्टेशनमार्गे बाकीच्या ग्राहकांकडे जाते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

तीन थरांचं बिल

आता पैशांकडे वळू. महावितरणला एक युनिट ग्राहकाच्या मीटरपर्यंत पोचवायला सरासरी आठ-नऊ रुपयांच्या घरात खर्च येतो. यात वीज निर्माण करण्याचा खर्च असतोच, पण टॉवर, तारा, ट्रान्सफॉर्मर, माणसं, व्याज आणि वाटेतली गळतीही असते. शेतकऱ्यावर हा सगळा खर्च टाकता येत नाही, म्हणून त्याचा दर वीज नियामक आयोग आधीच सरासरीच्या बराच खाली ठेवतो. ही तूट उद्योग, व्यापारी ग्राहक आणि जास्त युनिट वापरणारी घरं यांच्या दरात मिसळलेली असते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. हा पहिला थर. तो कुणाच्याच बिलावर वेगळा छापलेला नसतो.

त्या कमी दरातही राज्य सरकार आणखी सवलत देतं, तिजोरीतून. हा दुसरा थर. आणि २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने तिसरा थर चढवला. साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांचं उरलेलं बिलही सरकार भरणार, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं. योजना जाहीर झाली तेव्हा सरकारने सांगितलेला हिशेब असा: आधीपासूनच्या सवलतीचे ६,९८५ कोटी, नव्या माफीचे ७,७७५ कोटी, मिळून वर्षाला १४,७६० कोटी रुपये.

४४ लाखांनी भागलं तर पंपामागे वर्षाला साधारण साडेतेहतीस हजार रुपये होतात. आता गावातल्या दोन घरांचा विचार करा. एकाची बागायत आहे, दोन विहिरी आहेत, दोन कनेक्शनं आहेत. दुसऱ्याची पाच एकर कोरडवाहू आहे, विहीर नाही. पहिल्याला या पैशांतून दुप्पट मिळतं, दुसऱ्याला शून्य. मजुरी करून जगणाऱ्याचं तर नावच नको. महाराष्ट्रातली बहुसंख्य शेती कोरडवाहू आहे, तरीही ‘शेतकऱ्याला मोफत वीज’ हे शब्द सगळ्या शेतकऱ्यांच्या नावाने उच्चारले जातात. हे अनुदान शेतकऱ्याला कमी आणि पाण्याला जास्त मिळतं, आणि पाणी ज्याच्याकडे असतं तो गावातला सर्वांत गरीब माणूस क्वचितच असतो.

मोफत विजेचा हा काही पहिला प्रयोग नाही. २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने शेतीला मोफत वीज जाहीर केली होती. निवडणूक जिंकल्यावर २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. या वेळची योजना पाच वर्षांच्या मुदतीची आहे.

सौर फिडरमुळे यात खरी बचत होऊ शकते, हे मान्य करायला हवं. तीन रुपयांची वीज सबस्टेशनच्या दारातच तयार होते. शेकडो किलोमीटर लांबून आणायची नाही, म्हणून वाटेतली गळती कमी. आणखी एक फायदा आहे, त्याची चर्चा कमी होते. कित्येक शेतीपंपांना मीटर नाही, एचपीवरून अंदाजे युनिटं धरली जातात. हा वापर फुगवून दाखवला जातो आणि त्यात इतरत्रची गळती आणि चोरी लपवली जाते, असा आक्षेप वीजग्राहकांच्या संघटना वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत. प्रकल्पाची वीज आणि फिडरवर गेलेली वीज दोन्ही मोजली गेली, तर हा अंदाजपंचे कारभार बंद होईल. म्हणजे आकडे जनतेसमोर ठेवले तर. बचत झाली की तिचा फायदा कुणाला हाही प्रश्न आहेच: उद्योगांचा दर उतरणार, सरकारचं अनुदान घटणार, की महावितरणचा जुना तोटा बुजणार? तिन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या भाषणात सापडतात.

जमीन कुणाची?

एक मेगावॉटला चार ते पाच एकर जमीन लागते. योजनेत खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये मिळतात, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मराठवाड्यातल्या जिरायत जमिनीवरच्या सोयाबीनशी तुलना करू. एकरी सात क्विंटल उतारा आणि २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये धरला तरी ढोबळ उत्पन्न चौतीस हजारांच्या आसपास जातं. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी वजा करायची, आणि हमीभाव बाजारात मिळतोच असं नाही. जमीनमालकाने भाडं घ्यावं यात काहीच आश्चर्य नाही. मी त्याच्या जागी असतो तर घेतलंच असतं.

पण त्या सोयाबीनच्या काढणीला जाणाऱ्या मजुरांची मजुरी गेली. जमीन बटईने करणारा असेल तर त्याचं सगळंच गेलं. त्यांच्याशी करार कुणी करत नाही, कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही.

सरकारी जमिनीवर प्रश्न आणखी टोकदार होतो. योजनेसाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते, आणि खेड्यात सरकारी मोकळी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. कागदावर ती ‘पडीक’ असते. प्रत्यक्षात तिथे धनगराची मेंढरं चरतात, गावातल्या बायका सरपण आणि चारा आणतात. मराठवाड्यात कित्येक दलित आणि भूमिहीन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या गायरान कसत आली आहेत आणि ते आपल्या नावावर व्हावं म्हणून लढत आली आहेत. प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात. त्यातून सभामंडप होईल, पेव्हर ब्लॉक बसतील. मेंढपाळाला त्यातलं काय मिळणार? कुंपण पडलं की त्याला वळसा घालून जावं लागतं, इतकंच.

हा वाद आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी चढणार होतं. आजच्या भाषेत ती अगदी स्वच्छ ऊर्जा होती, धुराचा लवलेश नाही. कोयनेनेही महाराष्ट्राला वीज दिली आणि तिचे प्रकल्पग्रस्त आजही पुनर्वसनाचे अर्ज घेऊन फिरतात. इंधन स्वच्छ असलं म्हणून व्यवहार स्वच्छ होतो असं नाही.

आता पैसा थेट गावात येतो आहे, तेव्हा त्यामागे येणारेही गावात पोचले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार त्या प्रकरणाची सुरुवात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून झाली. हरित ऊर्जेवरच्या परिषदांमध्ये तंत्रज्ञानावर खूप बोललं जातं, मात्र जमीन मिळवताना गावात काय घडतं यावर फारसं नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा, नाहीतर हे सगळं सौरऊर्जेविरुद्धचं गाऱ्हाणं वाटेल. ती वीज कोळशातून घेतली तर किंमत चंद्रपूर आणि नागपूरकडचे लोक मोजतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत पसरला. चंद्रपुरात राहणाऱ्यांना हवेबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस रात्री ज्या विजेवर भिजतो, तिच्यातल्या बऱ्याच भागाचा धूर विदर्भाने गिळलेला असतो. या तराजूत पाहिलं तर मला सौर फिडरच बरा वाटतो, गायरानाचा प्रश्न धरूनही. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर प्रकल्पाच्या आधी द्यावं लागेल, नंतर नाही.

पाणी संपलं तर?

फिडरऐवजी दुसरा मार्ग म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर स्वतंत्र सौर पंप. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ ची. तिच्यात शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची. जिथे तार पोचतच नाही किंवा कनेक्शनसाठी पैसे भरून वर्षं गेली, तिथे हा पंप वरदान आहे. पण बोअर खोल असेल तर लहान पंप पाणी नीट उचलत नाही. वादळात पॅनल उडाले की दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसावं लागतं. आणि वर्षातले जे दिवस पाणी द्यायचं नसतं, त्या दिवसांची सगळी वीज वाया जाते, कारण हा पंप ग्रीडला जोडलेला नसतो. फिडरच्या प्रकल्पाची उरलेली वीज दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते. एवढ्याच कारणाने, जिथे तार आहे तिथे फिडर पंपापेक्षा सरस ठरतो.

दोन्हींत सामाईक धोका भूजलाचा. वीज फुकट, तीही दिवसा, म्हणजे मोटार बंद करायला काही कारणच उरत नाही. रात्रीच्या विजेने निदान झोपेचा तरी लगाम घातला होता (ऑटो स्विचवाल्यांना तोही नाही). साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने बंधन घातलेलं आहे. बोअरची गाडी गावात आली की ते कुणाला आठवतं बघा.

यावर एक चांगला तोडगा शेजारच्या गुजरातमध्ये करून पाहिला गेला. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात सौर पंप असलेल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. पंप ग्रीडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीला विकली. मोटार बंद ठेवली तर पैसे मिळतात, मग पाणी जपून वापरायला कुणी उपदेश करावा लागत नाही. सहकाराचं नाव घेऊन मोठा झालेला आपला महाराष्ट्र हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर का करत नाही, मला कळलेलं नाही. साखर कारखाना चालवू शकणाऱ्या सभासदांना दोन मेगावॉटचा प्रकल्प चालवता येणार नाही असं नाही.

संध्याकाळी साडेसातला

उरतो शहरी वाचकाचा प्रश्न: माझ्या गच्चीवर पॅनल आहेत, बिल शून्य येतं, मी तर सगळ्यांचं भलंच करतोय ना? बऱ्याच अंशी, हो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि काही वर्षांत पैसे वसूल होतात. पण नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दुपारी, जेव्हा वीज स्वस्त असते, एक युनिट ग्रीडला देता आणि संध्याकाळी साडेसातला, जेव्हा ती सर्वांत महाग असते, एक युनिट परत घेता. हिशेब बरोबरीत लावला जातो. मधला फरक, तारांचा खर्च, आणि संध्याकाळसाठी कोयनेचं पाणी नाहीतर कोळशाचा संच तयार ठेवण्याचा खर्च कुणीतरी भरतोच. सोसायटीतल्या अर्ध्या लोकांनी मेंटेनन्स भरायचं थांबवलं तरी लिफ्टचं बिल तेवढंच येतं, आणि ते उरलेल्यांवर पडतं. इथे उरलेले म्हणजे चाळीत, भाड्याच्या खोलीत राहणारे, ज्यांना स्वतःची गच्ची नाही.

मोठे उद्योगही हेच करतात. स्वतःचा सौर प्रकल्प काढतात, महावितरणकडून वीज कमी घेतात. त्यात बेकायदा काही नाही. पण क्रॉस सबसिडीचा पहिला थर ज्यांच्या खांद्यावर उभा आहे तेच एकेक करून बाजूला झाले, तर शेतीचा भार जास्त जास्त प्रमाणात तिजोरीवर येतो. दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे वेळेनुसार दर लावणं, बॅटऱ्या, सह्याद्रीत पाणी खाली-वर करून वीज साठवणारे प्रकल्प हे सगळे उपाय सुरू झाले आहेत. सह्याद्रीतल्या प्रकल्पांसोबत पुन्हा जंगलाचा आणि जमिनीचा प्रश्न येणारच.

म्हणून कुठलीही सौर योजना जाहीर झाली की तिच्या मुदती बघाव्यात. ग्रामपंचायतीला मिळणारे पैसे तीन वर्षांचे आहेत. जमिनीचा आणि विजेचा करार २५ वर्षांचा आहे. बळीराजा योजना मार्च २०२९ ला संपते, आणि त्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका आहेत.